तव्यावरचं पाखरू

माझ्या वडिलांचं भोकं पडलेलं बनियन राज्यातल्या पुष्कळ पतंग-अभ्यासकांनी बारकाईने पाहिलेलं आहे, आणि त्याला मी जबाबदार आहे. बाबा अजून मधूनच हा विषय काढतात. काढला की मी म्हणते, त्या बनियनमुळेच आईची बॅच वाचली. हे पूर्ण खरं नाही, पण बाबांना गप्प करायला तेवढं पुरतं.

बॅच म्हणजे रेशमाच्या अळ्यांची. आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या जवळ. कपाशीला कंटाळून बाबांनी एका वर्षी निम्म्या रानात तुती लावली, घरामागे पत्र्याचं शेड उभं केलं, आणि तेव्हापासून गावात ते ‘रेशीमवाले’ झाले. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी शेड बघायला येतात तेव्हा बाबा त्यांना तुतीची छाटणी, कोषाची प्रत, बाजाराचे चढउतार असं सगळं रंगवून सांगतात. मात्र हे सगळं ते शेडच्या बाहेर उभं राहून सांगतात, कारण आत जायची त्यांना परवानगी नाही. बाबा तंबाखू खातात आणि तंबाखूचा हात पानाला लागला तरी अळी मरते. आत राज्य आईचं.

आईचे नियम कडक आहेत. दारात चुना टाकलेला, त्यात पाय बुडवायचे. हात धुवायचे. अत्तर, पावडर, वासाचं तेल चालणार नाही. घरात डासांची अगरबत्ती लावायची नाही, मग डासांनी आपल्याला उचलून नेलं तरी हरकत नाही. मी जालन्याला कॉलेजात गणित शिकवते आणि शनिवारी घरी येते. एकदा तिने माझ्या हातावरच्या क्रीमचा वास घेऊन मला दारातूनच माघारी पाठवलं. म्हणाली, “आधी घासून ये. लेकरं मरतील माझी.” मी, म्हणजे तिचं प्रत्यक्ष लेकरू, हौदावर जाऊन राखेने हात घासत बसले.

अळ्यांना ती दिवसातून तीनदा खायला घालते. शेवटच्या आठवड्यात त्या बोटाएवढ्या होतात आणि तेव्हा त्यांचं खाणं बघण्यासारखं नाही, ऐकण्यासारखं असतं. पंगत बसल्यावर सगळे एकदम पापड मोडतात, तसा आवाज दिवसभर शेडमधून येत राहतो. तो आवाज आला की आईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते माझ्या पदवीच्या वेळीही दिसलं नव्हतं.

खाऊ घालणं हा तिचा स्वभावच आहे. सोमवारी सकाळी मी जालन्याची बस पकडायला निघाले की ती पिशवी घेऊन मागे येते. पिशवीत भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू आणि एखादी अशी वस्तू, जी बसमध्ये हमखास सांडते. मी म्हणते नको, ती म्हणते ने. मी म्हणते तिथे खानावळ आहे, ती म्हणते खानावळीत काय असतं. हे भांडण फाट्यापर्यंत चालतं. बसचा कंडक्टरही आता दोन्ही बाजू ओळखतो. मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला वर्गात पोरं घाबरतात, आणि दर सोमवारी मी भर रस्त्यात एका पिशवीवरून तोंड फिरवते. बहुतेक वेळा मी जिंकते आणि पिशवी घरी परत जाते.

आम्ही बौद्ध. आई दर पौर्णिमेला विहारात जाते आणि पंचशील घेते. तिथल्या एका मावशीने तिला एकदा छेडलं, “पहिलंच शील जिवाची हत्या न करायचं, आन् तू रेशीम करती?” आईने शांतपणे सांगितलं, “मी मारत न्हाई. मी खाऊ घालती. कोष झाले की पोरीचे बाबा जालन्याच्या बाजारात नेतात. तिथून पुढं काय व्हतं ते मी बघाया जात न्हाई.” मावशींच्या अंगावर त्या दिवशी रेशमी काठाची साडी होती, हे आईने मला नंतर दोनदा सांगितलं.

आता काका. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याची कपाशी आमच्या तुतीला लागून, मध्ये फक्त एक बांध. कपाशीला फवारा लागतो आणि रेशमाच्या अळीला फवाऱ्याचं वारंही सोसत नाही, त्यामुळे ही शेजारशेती म्हणजे तलवार शेजारी ठेवून झोपण्याचा प्रकार. मागच्या वर्षी काकाने वारा पडलेला बघून फवारा मारला आणि तासाभरात वारा फिरला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आईने नेहमीसारख्या फांद्या तोडून रॅकवर टाकल्या. दिवस मावळताना मी शेडच्या दारात गेले तर आतून आवाज येत नव्हता. आई रॅकच्या मधल्या वाटेत उभी होती. म्हणाली, “खाऊन न्हाई राह्यल्या.” एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या पुरायला खड्डा काकानेच खणला, कुणी न सांगता, आणि खणताना एकदाही मान वर केली नाही. पुढे बरेच दिवस आई भरलं ताट समोर घेऊन बसायची आणि तसंच उचलून ठेवायची. मला तिच्याबद्दल तेव्हा फार भीती वाटली होती.

त्यानंतर दोघांत एक करार झाला. अळ्या शेवटच्या खाण्याला आल्या की काकाने पंप उचलायचा नाही. त्या खाणं थांबवून कोष करायला जाळीवर चढल्या की आईने स्वतः बांधावर जाऊन सांगायचं, “भाऊजी, मारा आता.” काकाने हे पाळलं. कधी कधी दातओठ खाऊन पाळलं, पण पाळलं.

तर त्या रविवारी सकाळी बॅच ऐन खाण्यात होती. अजून तीन-चार दिवसांचं खाणं बाकी. मी परसात फांद्यांच्या मोळ्या सोडत बसले होते. आईने हाक मारली, “अगं, इकडं ये जल्दी. भिंतीवर काय बसलंय बघ.”

भिंतीवर एक पाखरू होतं. दुधावरच्या सायीच्या रंगाचं. पंख आखूड, पोट जाडजूड, डोक्यावर कंगव्याच्या दातांसारख्या काळसर मिशा. आईने बोट लावलं तर ते उडालं नाही. पंख थरथरवत जागच्या जागी गोल फिरलं आणि दमून बसलं.

“असलं कधी बघितलं न्हाई,” आई म्हणाली. “आजारी दिसतंय. न्हाई, थांब. पोटुशी हाय.”

बाबा आले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. “परदेशी दिसतंय,” म्हणाले. बाबांना जे ओळखू येत नाही ते परदेशी असतं.

इथपर्यंत सगळं करमणुकीचं होतं. मग काका चहाला आला. तो रोजच येतो, बांध ओलांडून. त्याने भिंतीकडे पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला.

“वहिनी, ह्ये बोंडअळीचं पाखरू हाय.”

मी म्हणाले, “काका, तुमच्या कपाशीतल्या सापळ्यात अडकतात ती मातकट आणि एवढीशी असतात. हे पांढरं आहे.”

“नवीन जात असंल. दर साली नवीन जात येती. ती कंपनीवाल्यालाबी म्हाईत नसती.”

आमच्याकडे दर साली नवीन जात येते हे खरंच आहे. काका वाकून बघत होता. “प्वाट बघा कसं भरलंय. आज तुमच्या भिंतीवर हाय, उद्या माझ्या बोंडात. आन् एक दिसलं म्हंजी मागं शंभर असत्यात.” त्याने पायातली चप्पल काढली.

आई मध्ये आली. “माझ्या भिंतीवर न्हाई.”

काकाने चप्पल परत घातली, पण चेहरा उतरला होता. “वहिनी, मी तुमच्या शब्दाबाहेर न्हाई. पर माझी बोंडं भरून राह्यलीत. ह्ये डोळ्यानं बघून मी आणखी चार दिवस कसा थांबू? मागच्या साली तुमचं गेलं. ह्या साली माझं जाऊ द्यू का?”

त्याचं चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. म्हणूनच तो प्रसंग अवघड होता. समोरचा माणूस चुकीचा असला की भांडता तरी येतं.

आईने शेडकडे पाहिलं. शेडमधून पापड मोडल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, “भाऊजी, सांजच्यापत्तर थांबता का?”

“थांबतो. वारा पडला की मारतो.”

“मंग तवर ही सांगंल, ह्ये काय हाय ते. कपाशीचं असलं तर तुम्ही मारा. मी काय म्हणणार न्हाई.”

ही म्हणजे मी. शिकलेली मुलगी घरात असली की तिच्याकडून ज्योतिषापासून पंपाच्या दुरुस्तीपर्यंत सगळ्याची अपेक्षा असते. मी आयुष्यात एकाही किड्याचं नाव सांगितलेलं नाही. पण आईने इतक्या खात्रीने सांगितलं की नाही म्हणायची सोयच उरली नाही.

मी फोटो काढला. पांढरी भिंत, तिच्यावर पांढरं पाखरू. फोटोत फक्त दोन मिशा आल्या. फोनमध्ये फोटोवरून ओळख सांगणारं एक ॲप होतं, त्याला दाखवलं. त्याने जाईचं फूल सांगितलं. जवळून काढला, तर कापूस सांगितला. काका खांद्यावरून बघत होता. म्हणाला, “बघ. कापूस म्हणून राह्यलं ना? त्यालाबी कळलं.”

मागे काहीतरी काळं हवं होतं. आईने घरातून तवा आणला, उलटा धरला आणि पाखराला हळूच त्याच्यावर घेतलं. तवा थंड होता, पण बाबा म्हणाले, “आता काय, पापड भाजती का त्याचा?” तव्यावर मात्र ते झकास दिसलं. काळ्यावर पांढरं, मिशांचे दात मोजता येतील इतकं स्वच्छ. मी फोटो काढला आणि ॲपला दिला. ॲपने थोडा विचार केला आणि जवळच्या खानावळी दाखवल्या.

आमच्या कॉलेजात जीवशास्त्राचे एक सर आहेत. त्यांना फोन केला. ते राजूरला गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत होते आणि मागून घंटेचा आवाज येत होता. म्हणाले, “मॅडम, कीटक माझा विषय नाही. मी वनस्पतीवाला. पण पतंग ओळखणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात तुम्हाला टाकतो.” टाकलं, आणि रांग पुढे सरकली म्हणून फोन ठेवला.

आमच्या घरात नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर येतं. मी तिथे बसले आणि घाईघाईत सगळेच फोटो गटावर पाठवून दिले. त्यात एक फोटो असा होता की पाखरू कडेला, आणि मधोमध दोरीवर वाळत घातलेलं बाबांचं बनियन. मला ते दिसलंच नाही. तज्ज्ञांना दिसलं.

पहिला प्रश्न आला एका डॉक्टरांचा. “आकार कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी ठेवाल का?” मी खाली ओरडले. बाबांना मोजपट्टी सापडेना, म्हणून त्यांनी तव्यावर तंबाखूची डबी ठेवली. आईने डबी आणि बाबा दोघांनाही तिथून हाकललं. मग मी माझं पेन ठेवून फोटो काढला.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “नमुना तव्यावर का ठेवला आहे? कृपया जिवंत कीटकांना उष्णता देऊ नये.” मी खुलासा केला. मग तिसरे एक अभ्यासू तरुण आले. त्यांनी बनियनचा फोटो मोठा करून, त्यातल्या भोकांभोवती लाल वर्तुळं काढून परत पाठवला. “मागील कापडावर अळीने खाल्ल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. कपडे खाणाऱ्या पतंगांच्या कुळाचा विचार करावा.” त्याखाली पुष्कळ जणांनी पसंतीचे अंगठे टाकले. एकांनी विचारलं, कापड सुती आहे की लोकरीचं.

खालून बाबा ओरडले, “काय म्हणले?”

मी खरं ते सांगून टाकलं.

बाबा तरातरा दोरीपाशी गेले. मग म्हणाले, “त्येंना सांग, ती भोकं माझी हायत. कोणाच्या बापानं खाल्ली न्हाईत.” आणि त्यांनी दोरीवरून बनियन ओढून काढलं आणि ओलंच अंगात घातलं.

आई मात्र हसली नाही. तिने जेवायला भात टाकला, कारण तवा अडकलेला होता. भाकरीशिवाय जेवण म्हणजे बाबांना उपासच. पण त्या दिवशी त्यांनीही तक्रार केली नाही. आई जेवलीच नाही. ती शेडमध्ये जायची, पानं टाकायची, बाहेर येऊन तव्याकडे बघायची आणि मग गच्चीकडे बघायची. मला काही विचारायची नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. कपाशीचं असलं तर तुम्ही मारा, असं ती बोलून बसली होती, आणि बोललेलं मागे घेणारी ती नाही. गटावर तोवर बनियन सुती की लोकरीचं यावर चर्चा रंगली होती आणि मला त्या सगळ्या विद्वानांना गच्चीवरूनच काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं.

ऊन कलायला लागलं. बांधापलीकडे काकाच्या पंपाचा आवाज ऐकू आला. तो पंप धूत होता. मी गटावर जरा कडक भाषेत लिहिलं, की इथे एका कुटुंबाचं पीक अडकलं आहे, कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा, नसेल तर बनियन सोडा.

मग ठाण्याच्या एका निवृत्त बाईंचा संदेश आला. त्या दिवसभर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं, “मला वाटलं तुम्ही गंमत करताय, म्हणून बोलले नाही. ही रेशीमकिड्याची मादी आहे. पाळीव. रानात सापडत नाही, आणि हिला उडता येत नाही त्यामुळे लांबून येण्याचा प्रश्नच नाही. कपाशीशी हिचा काही संबंध नाही. तुमच्या आसपास कुठे रेशीम शेती आहे का?”

मी टाकीला पाठ लावून बसले होते. समोर शेडचा पत्रा. पत्र्याखाली हजारो अळ्या मन लावून खात होत्या. अंगणात गावाने रेशीमवाले म्हणून ओळखलेला माणूस ओल्या बनियनमध्ये शिंकत होता. मी लिहिलं, “आहे.” मग ते खोडलं. मग बराच विचार करून लिहिलं, “हो, थोडीफार आहे.”

खाली जाऊन सांगितलं तेव्हा बाबांनी साफ नाकारलं. “शक्य न्हाई. इतकी वर्सं रेशीम करून राह्यलो. मला म्हाईत नसंल व्हय?”

“बाबा, तुम्ही रेशमाचं पाखरू कधी पाहिलंय?”

ते बोलायला लागले आणि थांबले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. पाखरू कसं दिसणार? आतून पाखराने भोक पाडलं की कोष वाया जातो, धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोष काढायचे, पोती भरायची, बाजार गाठायचा. सगळी घाई त्याचीच असते. आमच्या घरात अळ्या येतात आणि कोष जातात. पुढचं कुणी पाहिलेलं नाही, आमच्या घरात नाही आणि बांधाच्या अलीकडे-पलीकडे कुठल्याच घरात नाही.

शेडच्या दाराशी एक रंगीत तक्ता आहे. प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा बाबांना मिळालेला. अंडी, अळी, कोष आणि पाखरू, असं गोल गोल बाणांनी दाखवलेलं. पाखराच्या कोपऱ्यात आईने खिळा ठोकला होता आणि त्याला चुन्याची पिशवी टांगली होती. आमच्या हिशेबी तो कोपरा बिनकामाचाच होता. बाबांनी पिशवी बाजूला केली. खाली तेच. पांढरं, जाड पोटाचं, कंगव्याच्या मिशांचं, आणि बरोबर पाठीत खिळा.

बाबांनी पिशवी हळूच परत टांगली.

“पर आलं कुठून?” ते म्हणाले. “कोष तर आपण समदे नेल्ते.”

आई हौदामागे गेली आणि एक जुनी टोपली घेऊन आली. मागच्या बॅचला काही अळ्या मागे राहिल्या होत्या. सगळ्या चढल्या तरी या खातच बसलेल्या. नियम असा की अशा अळ्या फेकून द्यायच्या. आईने त्या टोपलीत घातल्या, वर तुतीचा पाला टाकला आणि हौदामागे ठेवल्या. “एवढं खाल्लेलं, टाकू कशा?” ती म्हणाली, आणि मग नव्या बॅचच्या धांदलीत विसरून गेली. टोपलीत वाळलेल्या पाल्यात चार-पाच वेडेवाकडे कोष होते. एकाला टोकाशी भोक पडलेलं, कडा ओलसर पिवळट.

काका पंप पाठीला लावूनच आला होता. त्याने टोपली पाहिली, तवा पाहिला, तक्त्यावरची पिशवी उचलून तेही पाहिलं. त्याने पंप उतरवून भिंतीला टेकवला आणि पोट धरून हसायला लागला. “वहिनी! आख्ख्या जगाला इचारत बसल्या, आन् सवताचंच लेकरू वळखू आलं न्हाई व्हय?”

“बसा, चहा करती,” आई म्हणाली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तीही हसली, आणि हसता हसता रडली. काका हसायचा थांबला. पंपाकडे बघत म्हणाला, “चढू द्या तुमच्या अळ्या. मी थांबतो.”

इथे हा किस्सा संपायला हरकत नव्हती. पण आईचं समाधान झालं नव्हतं. चहा झाल्यावर तिने बागेतून तुतीचं कोवळं पान आणलं, अळ्या लहान असताना घालतात तसलं, देठ काढून, बारीक चिरून. तव्यावर पाखरापुढे ठेवलं. पाखराने ढुंकून पाहिलं नाही. आईने पान त्याच्या तोंडाशी नेलं. ते पानावरून चालत पलीकडे गेलं.

“भूक न्हाई त्याला,” आई म्हणाली. तिच्या दृष्टीने ही चिंतेची बाब. “त्या बाईंना इचार, काय घालू.”

मी परत गच्चीवर गेले. ठाण्याच्या बाईंनी लगेच उत्तर दिलं. मी खाली येऊन तिला सांगितलं, “आई, ते खात नाही. त्याला खाण्यापुरतं तोंडच नसतं. चार-सहा दिवस जगतं, अंडी घालतं आणि संपतं. पंख फुटल्यापासून मरेपर्यंत काही खात नाही, पाणीसुद्धा नाही.”

“मंग जगतं कशावर?”

“अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर.”

आई तव्याशेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “म्हंजी मी घातलं, त्याच्यावर?”

“हो. तू घातलं तेवढ्यावरच.”

तिने त्याच्या पाठीवरून, पंखांना धक्का न लावता, बोट फिरवलं. मग उठली, हात धुतले, चुन्यात पाय बुडवले आणि शेडमध्ये गेली. आत ती अळ्यांशी काहीतरी बोलत होती. एरवीही बोलते, पण “खा गं, खा” असं मोठ्याने. त्या दिवशीचं मला ऐकू आलं नाही.

सकाळपर्यंत पाखराने तव्यावर पिवळी, खसखशीएवढी अंडी घालून ठेवली. नर नव्हता, त्यामुळे त्यातून काही निघणार नाही असं गटाने कळवलं. तरीही आईने तवा चुलीवर ठेवला नाही, काकूकडून दुसरा मागून आणला आणि पहाटे उठून भाकऱ्या केल्या. बाबांनी जुनं बनियन शेवटी पुसायला काढलं. बॅच पुढे सुखरूप चढली आणि आईने बांधावर जाऊन सांगितलं, “भाऊजी, मारा आता.” टोपली मात्र हौदामागेच राहिली. आता दर बॅचला काही अळ्या मागे राहतात. बाबा म्हणतात, पूर्वी इतक्या राहत नव्हत्या.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी सकाळी मी फाट्याकडे निघाले आणि नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन आई मागे आली. मी सवयीने तोंड उघडलं. नको, जड होतं, खानावळ आहे, हे सगळं ओठावर तयार होतं. बस वळणावर दिसली. आई थांबली. तिने पिशवी पुढे केली नाही.

“न्यायचं तर ने,” ती म्हणाली, “न्हाई तर ऱ्हाऊ दे. आजवर घातलंय त्येवढं पुरंल तुला.”

राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादा हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली. आणि पिशवी घेऊन खरंच माघारी वळली.

बस येऊन उभी राहिली होती. कंडक्टरने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि भांडणाची वाट बघत थांबला. मी पळत गेले, तिच्या हातातून पिशवी अक्षरशः हिसकावून घेतली आणि गाडीत चढले.

जालना यायच्या आत मी सगळं खाल्लं. ठेचा सांडला, तोही पुसून खाल्ला.